वीतभर लांब काउंटर

मास्तरांच्या दुकानात कपडे शिवायला येणाऱ्यांपेक्षा कॉफी प्यायला येणारे जास्त झाले आहेत, ही गोष्ट सगळ्यांत आधी सुनेच्या लक्षात आली आणि सगळ्यांत शेवटी मास्तरांच्या.

मास्तर म्हणजे तिचे सासरे. कोट-पँटचे शिंपी. उभा जन्म एका अरुंद, लांबट दुकानात काढलेला, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्यांची ट्रायल म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. गिऱ्हाइकाला उभं करून ते त्याच्याभोवती फिरत, मागे सरत, डोळे बारीक करत, पुन्हा पुढे येत आणि एक टाचणी काढून परत तिथेच लावत. बिचारं गिऱ्हाईक ताटकळून जाई, म्हणून सून मागच्या खोलीतल्या शेगडीवर कॉफी करून आणायची. कॉफी बरी व्हायची तिची. बरी कसली, फर्मास व्हायची. पुढे रेडीमेड कपड्यांच्या दुकानांनी शिंप्यांचं कंबरडं मोडलं, कोट शिवून घेणारे बोटांवर मोजण्याइतके उरले, पण कॉफीवाले येतच राहिले. एक निवृत्त कारकून तर दर आठवड्याला एकाच कोटाचं एकच बटण तुटलं म्हणून यायचा. ते त्याने घरी ब्लेडने कापलेलं असायचं. दोऱ्याच्या टोकांवरून तिला ते कळायचं. तरी ती बटण लावायची आणि कॉफी पुढे ठेवायची.

तर हे असं बरेच दिवस पाहून झाल्यावर एकदा सगळे जेवायला बसलेले असताना तिने विषय काढला. शिवणकाम बंद करू आणि दुकानात कॉफी शॉप काढू. छोटंसं. जागा आपली, गिऱ्हाईक आपलं, हात माझे.

घास तोंडाशी नेलेला हात तिच्या नवऱ्याने तसाच खाली आणला. तो विजेचे मीटर वाचायच्या नोकरीत होता. दिवसभर दुसऱ्यांची वाढलेली बिलं बघून त्याचा स्वभाव मुळातच धास्तावलेला. कॉफीच्या मशीनला किती वीज लागते हे कळल्यावर त्याने तिथेच बोटांवर महिन्याचं बिल मोजलं. थोरला दीर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, तो त्या दिवशी मुद्दाम आला होता, कारण त्याच्याही मनात दुकानाचंच होतं. त्याने एक औषधविक्रेता गाठून ठेवला होता. औषधवाला जागा भाड्याने घ्यायला एका पायावर तयार होता. भाडं दर महिन्याला न चुकता येईल, बाबांना म्हातारपणी सुखाने बसता येईल, कुणाला धावपळ नको. दीर वाईट माणूस नव्हता. सगळ्यांचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटायचं, फक्त ते भलं त्याने आधीच ठरवलेलं असायचं.

बराच वेळ शब्दाला शब्द लागत गेला. शेवटी दिरानेच तोड काढली. येत्या एक तारखेला सकाळी औषधवाल्याला घेऊन मी दुकानात येतो. तेव्हा कॉफी शॉप चालू दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर त्याच दिवशी जागा त्याच्या ताब्यात. मग कुणी कुरकुर करायची नाही.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. दुकान त्यांचं होतं, शेवटचा शब्दही त्यांचाच. मास्तर ताटातली भाजी संपवत होते.

"बघू," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

ह्या "बघू"चा अर्थ काय, हे तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. ते आपल्या बाजूने आहेत की दिराच्या, की दोघांनाही थकवून गप्प बसवणार आहेत? विचारायची सोय नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्या हाताखाली काम करत होती, पण त्या कामाला ठरलेली वेस होती. माप घेणं, खडूने रेघ मारणं आणि कापणं ही तीन कामं मास्तरांची. शिवणं दोघांचं. काजं, बटणं, दुमड तिची. एवढ्या वर्षांत तिने कापडावर एक रेघ ओढली नव्हती. एकदा धीर करून म्हणाली होती, बाबा, एखादी पँट मी कापते. "पुढच्या वर्षी," मास्तर म्हणाले होते. ते वर्ष काही उजाडलं नाही. तिला त्याचा राग होता, आणि तो राग तिने फार नीट घडी घालून ठेवला होता.

आता मात्र तिने कंबर कसली. बंद पडलेल्या एका हॉटेलातून तिने जुनं मशीन मिळवलं. नळ्या, व्हॉल्व्ह, तोट्या, सगळं खोलून, घासून पुन्हा जोडलं. पहिल्या दिवशी मशीनने असा काही फूत्कार सोडला की नवरा न्हाणीघरातून तसाच बाहेर आला. बिया किती भाजलेल्या घ्यायच्या, किती बारीक दळायच्या, दूध कुठपर्यंत तापवायचं हे तिने करून, फेकून, पुन्हा करून शिकून घेतलं. चव बघायला घरात दुसरं होतं कोण? नवरा. तो एकेक कप पिऊन "मघाच्यापेक्षा कडू" किंवा "मघाच्यापेक्षा बरी" असं सांगायचा आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून पहाटे उठून खिडक्यांची तावदानं पुसायचा. त्या महिन्यात त्यांच्या घराइतक्या लखलखीत खिडक्या गल्लीत कुणाच्या नव्हत्या.

दुकानाच्या भिंती तिने स्वतः रंगवल्या. सुटांच्या उरलेल्या कापडातून बैठकीच्या गाद्यांना खोळी शिवल्या; राखाडी, निळ्या, बारीक रेघांच्या. मास्तर हे सगळं खुर्चीत बसून बघत होते. मदत मागितली की करत, मत विचारलं की खांदे उडवत. एक दिवस मात्र त्यांनी आपणहून दुसऱ्या एका शिंप्याला बोलावलं आणि कापायचं मोठं टेबल त्याला देऊन टाकलं. टेबल हातगाडीवर चढलं तेव्हा ते दारात उभे होते. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर आत आले आणि म्हणाले, आता इथे काउंटर बसेल, मी माप घेतो.

आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. ते कसं, ते नीट सांगायला हवं.

काउंटर दुकानाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा बसायचा होता. पुढे गिऱ्हाईक, मागे मशीन आणि ती. जायला-यायला एका टोकाला वर उचलायची फळी. मास्तरांनी टेप लावला, आकडा मनात धरला आणि तिला सांगितला. तिने तो सुताराला सांगितला. साधी गोष्ट. पण शिंप्याच्या घरात माप कधी नुसतं माप नसतं. कापड धुतल्यावर आटतं, माणूस जेवल्यावर वाढतो, म्हणून शिंपी आत चार बोटं कापड जास्तीचं राखून ठेवतो. त्याला दाब म्हणतात. मास्तरांनी तिला पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला धडा तोच होता. तेव्हा मास्तरांनी आकडा सांगताना सवयीने चार बोटं वाढवून सांगितला, आणि तिने तो पुढे सांगताना धड्याप्रमाणे आणखी चार बोटं वाढवली. आजवर असं झालं नव्हतं, कारण आजवर मास्तरांचं माप त्यांच्या तोंडून बाहेरच पडलं नव्हतं. तेच मोजत, तेच कापत. आणि "बाबा, दाब धरलाय का?" असं मास्तरांना विचारणं म्हणजे स्वयंपाक्याला मीठ घातलंय का विचारण्यासारखं. तिची काय बिशाद होती!

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी सुतार आणि त्याचा जोडीदार काउंटर घेऊन आले. दुकानात शिरताना तो सुरळीत शिरला, कारण लांबीत शिरला. आडवा फिरवायला गेले आणि तो दोन भिंतींच्या मधे तिरका अडकला. त्यांनी पुढचं टोक उचललं, मागचं उचललं, तिने एक बाजू धरली, नवऱ्याने दुसरी. काउंटर आपला रुसून बसल्यासारखा तिरकाच. तिने भिंतींमधली जागा आणि काउंटर दोन्ही मोजलं. काउंटर जवळजवळ वीतभर जास्त होता.

सुताराने खिशातून आपली चिठ्ठी काढून दाखवली. तिने सांगितलेलाच आकडा होता. त्याची काही चूक नव्हती.

तिने मास्तरांकडे वळून तो कधीही न विचारलेला प्रश्न विचारला.

"बाबा, तुम्ही माप सांगितलंत त्यात दाब धरला होता?"

"धरणारच," मास्तर म्हणाले. "न धरता माप सांगतं का कोणी?"

"मीही धरला."

मग सुतार म्हणाला, "मास्तर, लाकूड धुतल्यावर आटत नाही हो." त्याचा जोडीदार हसायला लागला, मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या हसण्याचा त्याने घाईघाईने खोकला केला.

नवऱ्याचा चेहरा पडला. त्याचं म्हणणं सरळ होतं. काउंटर वर्कशॉपमध्ये परत नेऊ दे, सुतार चार दिवसांत नीट करून देईल म्हणतोय, दादाला फोन करून चार दिवस मागून घेऊ. दादा काही परका नाही. सुतारानेही मान डोलावली. वर्कशॉपमध्ये मशीनवर कापलं की काम स्वच्छ होतं, इथे हाताने कापणं म्हणजे जोखीम.

ती भिंतीला टेकून उभी होती. मशीन कोपऱ्यात पोत्यावर बसलं होतं. काउंटरशिवाय ते चढवायचं कशावर? मोठं टेबल तर आता दुसऱ्याच्या दुकानात होतं. चार दिवस मागितले तर दीर देईलही, समजुतीने देईल, आणि मग औषधवाल्याला म्हणेल की बघितलंत ना, ह्यांना काउंटरसुद्धा मापाचा करता येत नाही. आणि ते खोटं नसेल. हे तिच्या डोळ्यांपुढे इतकं स्पष्ट उभं राहिलं की तिची भीतीच संपली.

"फोन करायचा नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी शटर वर जाणार. काउंटर इथेच कापा."

सुतार काही लगेच तयार होईना. कापतो म्हणाला, पण रेघ मी मारणार नाही. लांब झाला तर पुन्हा कापता येतो, आखूड झाला तर लाकूड काही उसवून सोडता येत नाही, आणि मग बोल माझ्यावर यायचा. खूण तुमच्यापैकी कुणीतरी करा, मी तिच्यावर करवत चालवतो.

खूण करायची म्हटल्यावर सगळे आपोआप मास्तरांकडे बघू लागले. मास्तर उठले. गळ्यातला टेप काढला. नवऱ्याने एक टोक त्या भिंतीला धरलं, मास्तर दुसरं घेऊन काउंटरपाशी आले, आकडा पाहिला, आणि डाव्या हाताचा अंगठा लाकडावर टेकवून उजव्या हातात खडू घेतला. तिने पाहिलं की अंगठा आकड्यावर नव्हता. तो चार बोटं पुढे जाऊन बसला होता. मास्तरांनीही पाहिलं. त्यांनी अंगठा उचलला, पुन्हा आकडा पाहिला, पुन्हा टेकवला. पुन्हा तो पुढेच. मग ते कितीतरी वेळ आपल्याच अंगठ्याकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसे, बघत राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "रेघ तू मार."

तिला वाटलं ते रागावून बोलताहेत.

"माझा हात आता ऐकत नाही," मास्तर म्हणाले. "त्याला कापडच कळतं. तू अजून शिकशील." आणि खडू तिच्यापुढे धरला.

इतकी वर्षं ज्या खडूसाठी ती मनातल्या मनात भांडत होती, तो मिळाला तो एका फळकुटासाठी. तिला हसूही आलं आणि रडूही. पण रडत बसायला वेळ कुणाला होता? तिने ओढणी कमरेला बांधली आणि टेप हातात घेतला.

आधी तिने काउंटरची पुढची कड जिथे येणार होती तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं. मग मागची कड येणार होती तिथे मोजलं. दोन आकडे जुळेनात. तिसऱ्यांदा मोजलं, तरी बोटभर फरक राहिलाच. नवरा म्हणाला टेप सरकला असेल. टेप सरकला नव्हता. जुनं दुकान, एक भिंत मागच्या बाजूला जरा आत आली होती. कोटाच्या गिऱ्हाइकांमध्ये असे कितीतरी येत, एक खांदा उतरलेला. मास्तर दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेत आणि गिऱ्हाइकाला त्याबद्दल अवाक्षर बोलत नसत. कोट अंगावर आला की दोन्ही खांदे सारखे दिसत. तिने पुढच्या कडेला एक खूण केली, मागच्या कडेला दुसरी, आणि दोन्ही जोडून रेघ ओढली.

"ताई, ही रेघ तिरकी आलीय," सुतार म्हणाला.

"भिंत तिरकी आहे. तुम्ही कापा."

सुताराने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खुर्चीत जाऊन बसले होते आणि हातात काही नसल्यामुळे त्यांनी हाताची घडी घातली होती. त्यांनी रेघ बघितलीसुद्धा नाही.

करवत चालू झाली. भुसा तिच्या पायांवर पडत होता आणि ती त्या रेघेवरून नजर काढत नव्हती. आपण आकड्यावरच खूण केली ना? पुढे नाही, मागे नाही? चार बोटं सोडायची सवय तिच्याही अंगठ्यात होतीच की! आखूड झाला असेल तर उद्या सकाळी दिराच्या तोंडाकडे बघायचं कसं? हे सगळं तिच्या डोक्यात घुमत होतं, आणि ती मात्र सुताराला म्हणत होती, रेघेच्या बाहेरून नको, रेघेवरून.

तुकडा खाली पडला. चौघांनी काउंटर उचलून फिरवला. एक टोक भिंतीला लागलं. दुसरं आत जाता जाता अडलं. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. सुताराने कडेवर जाड कापड ठेवलं, त्यावर हातोड्याचे ठोके दिले, आणि काउंटर सरकत सरकत आत जाऊन बसला. पुढून बसला, मागून बसला. तिने फटीत कागद घालून पाहिला. जाईना.

"बसला," सुतार म्हणाला, जणू त्याला पहिल्यापासून खात्री होती.

मशीन चढवून, नळ्या जोडून, फरशी धुऊन दिवेलागणीच्या सुमारास ते घरी गेले. "बघू"चा अर्थ तिला अजून लागला नव्हता. खडू दिला म्हणून दुकान दिलं असं थोडंच होतं?

एक तारखेला सकाळी शटर वर गेलं. पाटी साधीच होती, त्यावर नुसतं "कॉफी" लिहिलेलं. पहिल्यांदा रात्रपाळी संपवून निघालेल्या दोन नर्स आल्या, मग एक बसचा ड्रायव्हर, मग पुस्तकं छातीशी धरलेली एक मुलगी. सुनेने चारही कप काठोकाठ भरून पुढे ठेवले, थेंबही सांडला नाही. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात टेप अडकवून तिच्या शेजारी काउंटरच्या मागे उभे होते. तिथे त्यांचं काही काम नव्हतं. पण आयुष्यभर ते गिऱ्हाइकाच्या समोरच्या बाजूला उभे राहिले होते. दुसरीकडे कुठे उभं राहायचं हे त्यांना सुचलं नसावं.

दीर आला तेव्हा औषधवाला त्याच्या मागे होता. कपाटं कुठे बसतील ते मोजायला त्याने स्वतःचा टेपही आणला होता. दिराने सगळीकडे नजर फिरवली. भिंती पाहिल्या, गाद्या पाहिल्या, काउंटर दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. तो हलला नाही. दीर नाही म्हटलं तरी चपापला, पण माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. एक दिवस उघडणं वेगळं आणि चालवणं वेगळं, असं तो म्हणाला. हे गृहस्थ आजच आगाऊ भाडं द्यायला तयार आहेत, पुढच्या महिन्यात असतील असं नाही. सुनेशी त्याला वाद घालायचाच नव्हता. तो सरळ मास्तरांकडे वळला.

"बाबा, दुकान तुमचं आहे. तुम्ही काय ते ठरवा. ह्यांना मला आज उत्तर द्यायचंय."

दूध तापवणारी वाफ तिने बंद केली. आता "बघू" येणार. ते आलं की संपलं. दीर त्या एका शब्दात औषधवाल्याची सगळी कपाटं बसवील. आणि आलंच तर आपण गप्प बसायचं नाही, काल रेघ मारली तशीच आज तोंडही उघडायचं, असं तिने ठरवून टाकलं.

मास्तरांनी फळी उचलली. काउंटरच्या मागून बाहेर आले, फळी पुन्हा नीट खाली ठेवली, आणि वळसा घालून पुढच्या बाजूला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे, बरोबर मधोमध उभे राहिले. गिऱ्हाइकाच्या नजरेने त्यांनी आपलं दुकान कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते एकदा नीट पाहून घेतलं.

"मला कशाला विचारतोस?" ते दिराला म्हणाले. "दुकान तिचं आहे. मी कॉफी प्यायला आलोय." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, एक कॉफी. साखर कमी."

दीर काहीतरी बोलायला पुढे सरला तसा मास्तरांनी मान वळवली.

"मागे. आधी माझा नंबर आहे."

औषधवाला समंजस माणूस होता. त्याने टेप खिशात टाकला आणि मास्तरांच्या मागे जाऊन उभा राहिला. दिराने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वडिलांच्या पाठीकडे, आणि मग तोही औषधवाल्याच्या मागे जाऊन उभा राहिला.